टोपलीखालचं समन्स

बेलिफचा पिकअप सकाळी आठपासून कोर्टासमोरच्या आंब्याखाली उभा होता. मागे चार मजूर बसलेले, त्यांच्या पायाशी पहारी आणि घण. न्यायाधीशांनी दिलेली स्थगिती त्या दिवसापुरतीच होती. आमचा अर्ज फेटाळला गेला तर गाडी तिथूनच सरळ आमच्या गावी, क्यामुलेराला जाणार आणि दुपारच्या आत माझ्या आईचं घर भुईसपाट होणार, हे बेलिफ मला हसतहसत सांगून गेला. "बाई, परत जाताना तुम्हालाही गाडीत जागा आहे," म्हणाला. मी त्याला काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

आईचं घर म्हणजे चार खोल्या, दोन एकरांत कॉफी आणि केळी, आणि केळींच्या मागे दोन थडगी. एक बाबांचं, दुसरं माझ्या भावाचं, कागवाचं. माझा चुलत भाऊ कालेम्बा कंपालात राहतो. कॉफीचं रोप कुठलं आणि तण कुठलं हे त्याला सांगता येणार नाही, पण ही जमीन आपल्या बापाची होती असा दावा त्याने ठोकला. अशा दाव्याला उत्तर द्यायला पंधरा दिवस मिळतात. आमच्याकडून उत्तर गेलंच नाही. मग कोर्टाने एकट्या कालेम्बाचं ऐकून एकतर्फी निकाल दिला, आणि आईला हे कळलं ते भिंतीवर लाल रंगाची फुली मारायला माणसं आली तेव्हा. आता तो निकाल रद्द करून घ्यायचा, तर उत्तर का गेलं नाही याचं पटेल असं कारण द्यायचं होतं.

कारण होतं. पण ते परक्या माणसाला सांगायला लागलं की आपलंच आपल्याला खोटं वाटायला लागतं.

आमच्याकडे सासू आणि जावई एकमेकांसमोर येत नाहीत. नजरेला नजर नाही, थेट बोलणं नाही, एकाच्या हातातली वस्तू दुसऱ्याच्या हातात नाही. हा नेम मोडला की हात थरथरायला लागतात आणि मरेपर्यंत थांबत नाहीत. शहरातली पोरं याला हसतात. हसू देत. माझा नवरा सेबुन्या सुतार आहे, त्याच्या हातांवर माझी चूल पेटते. गेली चौदा वर्षं तो माझ्या माहेरी आला की आई आतल्या खोलीत जायची. तो साखर, मटण, साबण जे काही आणायचा ते ओसरीवरच्या कॉफीच्या टोपलीत ठेवायचा. मी किंवा माझ्या पोरी ते उचलून आत नेणार, तेव्हा ते आईचं. निरोपही तसेच. तो मला सांगणार, मी आईला. आई मला सांगणार, मी त्याला.

त्या दिवशी तो आईच्या घराचा पत्रा बसवायला एकटाच गेला होता. मी मावशीच्या मयतीला गेलेली, पोरी शाळेच्या वसतिगृहात. हा छपरावर, आई आत. तेवढ्यात कोर्टाचा समन्स बजावणारा आला आणि खालूनच ओरडला, "या घरचा कोण आहेस तू?"

हा म्हणाला, "मी या घरचा मुलगा."

झालं. त्या माणसाने समन्स याच्या हातात दिलं, सही घेतली आणि मोटारसायकलवर बसून गेला. सेबुन्याने काम अर्धवट टाकलं, कागद टोपलीखाली ठेवला आणि मला फोन लावला. मी तेव्हा दोनशे माणसांच्या माटोकेच्या, उकडलेल्या कच्च्या केळ्यांच्या, पातेल्याशी उभी होते. धुराने डोळे चुरचुरत होते, मावसबहीण मागे गळा काढून रडत होती. तो म्हणाला, "आईंसाठी एक कागद आलाय, टोपलीखाली आहे." मला वाटलं, कॉफी सोसायटीचा असेल. मी "हो हो" म्हटलं आणि विसरले. मी विसरले. तो दोन दिवसांनी मासळीच्या पेट्या करायला सरोवरावर गेला, तो महिन्याने परतला. टोपली रोज आईच्या डोळ्यांसमोर होती. तिने एकदाही उचलली नाही, कारण ती उचलायला मी आलेच नव्हते. फुली मारली त्या दिवशी मी टोपली उचलली. कागदाचा एक कोपरा वाळवीने खाल्ला होता.

हे सगळं मी आमच्या वकीलबाईंना, आकेलोबाईंना, सांगणार होते. आदल्या संध्याकाळी सेबुन्याने मला अडवलं. "तू गप्प बस, प्रोस्कोव्हिया. मीच सांगायला विसरलो असं मी लिहून दिलंय. तुझं नाव आलं तर आईंना काय वाटेल? एक तूच उरलीस त्यांना."

"आणि तुमच्याबद्दल काय वाटेल त्यांना?"

"माझ्याबद्दल? मी जावई. जावयाबद्दल वाईट वाटलेलं कुठे सांगतं कोण."

मी गप्प बसले. माणूस आपली चामडी वाचवायला किती पटकन तयार होतो, ते मला त्या रात्री कळलं.

कोर्टाची खोली आमच्या गावच्या शाळेच्या वर्गाएवढीच. आई दारात आली, साक्षीदारांच्या बाकावर सेबुन्या असणार हे तिला ठाऊक होतं, आणि ती तिथूनच मागे फिरून व्हरांड्यात खिडकीखाली जाऊन बसली. न्यायाधीश ओकिरोर पूर्वेकडचे, तेसोचे. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी विचारलं, "अर्जदार कुठे आहेत?"

"बाहेर, साहेब," आकेलोबाई म्हणाल्या. "जावई आत आहेत म्हणून."

"अर्ज त्यांचा आहे. त्यांना आत यावं लागेल."

मग मी आईला आत आणलं. गोमेसी या आमच्या पायघोळ झग्यावरची शाल तिने डोक्यावरून पुढे ओढून घेतली आणि पहिल्याच बाकावर, पण भिंतीकडे तोंड करून, सगळ्या कोर्टाकडे पाठ करून बसली. कालेम्बाच्या बाजूची माणसं खुसूखुसू हसली. कालेम्बा स्वतः हसला नाही. लहानपणी याच आईच्या हातचं त्याने खाल्लं होतं, म्हणून असेल.

त्याचे वकील कातेरेग्गा आमच्यातलेच, पण बोलताना असं दाखवायचे की आपण परदेशातून नुकतेच विमानातून उतरलो. त्यांनी सेबुन्याला उभं केलं आणि समन्स बजावणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र हातात घेतलं.

"इथे लिहिलंय, प्रतिवादीच्या मुलाच्या हाती समन्स दिलं. आपण मुलगा आहात त्यांचे?"

"जावई आहे."

"मग मुलगा म्हणून सांगितलंत ते?"

"सांगितलं."

"म्हणजे कोर्टाच्या माणसाशी खोटं बोललात."

सेबुन्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. "खोटं नाही, साहेब. सहा वर्षांपूर्वी यांचा मुलगा गेला, कागवा. त्याला पुरलं त्या दिवशी मी आईंना निरोप दिला, की आजपासून कागवाच्या जागी मी. महिन्याभराने आईंनी त्याची सायकल मला पाठवली. त्यावरून मी समजलो, की आईंनी हो म्हटलं. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी या घरचा मुलगाच सांगतो."

हे मी पार गाडून टाकलं होतं. माझ्या भावावर अजून माती पडायची होती आणि हा जागेबिगेच्या गोष्टी करतोय, म्हणून त्या दिवशी मला त्याचा असा संताप आला होता की मी तो निरोप तिथेच गिळून टाकला. सायकल आईने मीच म्हटलं म्हणून दिली होती. पडून पडून गंजतेय, म्हटलं, याला तरी कामाला येईल.

"छान गोष्ट आहे," कातेरेग्गा म्हणाले. "मग मुलाने आईला कागद दिला, यात अडचण कुठे आली? आई, तुम्हीच सांगा. हा निरोप तुम्हाला मिळाला होता ना?"

आई भिंतीकडेच बघत होती. "कसला निरोप?"

"की हा तुमचा मुलगा झाला."

आईने शाल आणखी पुढे ओढली. मग म्हणाली, "असा निरोप मला कधी आला नाही, बाळा."

सेबुन्या कठड्याला धरून उभा होता. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. सहा वर्षं हा माणूस दर महिन्याला त्या घरी जात होता, दारं बसवत होता, पत्रे ठोकत होता, एका मुलाने करावं तसं. आणि ज्या घरचा मुलगा म्हणून करत होता त्या घराला त्याचा पत्ताच नव्हता.

कातेरेग्गांना वाटलं, मासा गळाला लागला. ते न्यायाधीशांकडे वळले. "साहेब, एक जण म्हणतो मुलगा, दुसरी म्हणते माहीत नाही. एक जण म्हणतो कागद टोपलीखाली ठेवला, दुसरी म्हणते दिसला नाही. तीन पावलांवर बसलेल्या बाईला कागद देता येत नाही, असं हा धडधाकट माणूस सांगतो. मला एकच विनंती करायची आहे. तो कागद आता त्याच्या हातात द्यावा आणि त्याने तो आईंच्या हातात द्यावा. आभाळ कोसळलं तर मी माझी हरकत मागे घेतो."

"साहेब, ही थट्टा आहे!" आकेलोबाई उठल्या.

ओकिरोरसाहेबांनी पेन खाली ठेवलं. बराच वेळ ते आईच्या पाठीकडे बघत राहिले. "थट्टा नाही," ते म्हणाले. "मलाही बघायचंय. द्या त्यांना कागद."

कारकुनाने वाळवी लागलेलं ते समन्स सेबुन्याच्या हातात दिलं. मी मनात म्हटलं, संपलं. याने दिलं, तर इतकी वर्षं जे पाळलं ते सोंग ठरतं आणि घर जातं. याने नाही दिलं, तर कोर्टाचा हुकूम मोडला म्हणून आणखी काय काय होतं. खिडकीतून पिकअप दिसत होता. एक मजूर घणाच्या दांड्यावर हनुवटी टेकून पेंगत होता.

सेबुन्या कठड्यातून खाली उतरला. त्याचा उजवा गुडघा जिन्यावरून पडल्यापासून चालताना कटकट वाजतो. आईने तो आवाज ऐकला. इतकी वर्षं ती तो आवाज ऐकून आतल्या खोलीत जात आली होती, पण इथे आतली खोली नव्हती. ती उठली, भिंतीला अगदी चिकटली, शाल दोन्ही हातांनी चेहऱ्यावर धरली आणि मोठ्याने म्हणाली, "प्रोस्कोव्हिया, त्याला सांग, तिथेच थांब म्हणावं! घर गेलं तर जाऊ दे. मी कुणाच्याही पडवीत राहीन. त्याचे हात गेले तर माझ्या नाती काय खातील?"

सगळ्यांनी ऐकलं. व्हरांड्यातल्या भुईमूगवालीनेसुद्धा ऐकलं असेल. सेबुन्या आईपासून दोन पावलांवर, हातात कागद धरून थांबला. पण तो आईकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता.

ओकिरोरसाहेब पुढे झुकले. "त्या बोलल्या. तुम्ही ऐकलंत. मग यांच्याकडे काय बघताय?"

मीच उभी राहिले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

"त्यांनी ऐकलं, साहेब, पण अजून त्यांना पोचलं नाही."

"म्हणजे?"

"मी सांगितल्याशिवाय पोचत नाही." मी सेबुन्याकडे वळले. "आई म्हणते, तिथेच थांबा. घर गेलं तर जाऊ दे, ती कुणाच्याही पडवीत राहील. तुमचे हात गेले तर पोरी काय खातील, म्हणते."

तेव्हा कुठे तो मागे सरला. खांदे खाली आले, कागद त्याने बाकावर ठेवला आणि हात पँटला पुसले. हात थरथरत होते. ते कशाने ते देवाला ठाऊक, पण खोलीत कुणी हसलं नाही.

आता माझं तोंड उघडलंच होतं. "साहेब, यांच्यामध्ये जे काही जातं ते माझ्या हातून जातं. कागद आला त्याच दिवशी यांनी मला फोन केला होता. मी विसरले. यांनी लिहून दिलंय की कुणाला सांगितलं नाही, ते मला झाकायला लिहिलंय. आणि मुलगा होण्याचा निरोपही मलाच दिला होता. तोही मी पोचवला नाही. आईला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. दोष सगळा माझा आहे."

आकेलोबाईंनी डोळे मिटून घेतले. कातेरेग्गा तर जवळजवळ नाचलेच. "साहेब, ऐकलंत? प्रतिज्ञापत्र खोटं! आता अर्जात उरलं काय? खोट्या शपथेवरचा अर्ज फेकून द्यायचा असतो!"

"बसा," ओकिरोरसाहेब म्हणाले.

त्यांनी लिहायला घेतलं. ते किती वेळ लिहीत होते मला माहीत नाही. पेनचा आवाज येत होता. बाहेर बेलिफने गाडी सुरू केली, बहुधा अंदाज घ्यायला, मग बंद केली. आई भिंतीला तशीच चिकटून उभी होती. तिला बस म्हणून सांगायलाही मला धीर झाला नाही.

शेवटी त्यांनी वर पाहिलं. आधी सेबुन्याला झापलं. शपथेवर खोटं लिहिणाऱ्याला मी आत टाकू शकतो, म्हणाले, आणि बायकोची लाज झाकायला कोर्टाची पायरी ही जागा नव्हे. सेबुन्या मान खाली घालून उभा. मग त्यांचा आवाज जरा उतरला.

"पण अर्ज जावयाचा नाही, सासूबाईंचा आहे. माझ्यापुढे प्रश्न एवढाच, की या बाईंना दावा कळला होता का. कागद घरात होता, हे खरं. घरात असणं आणि त्यांना पोचणं यात किती अंतर आहे ते मी आता डोळ्यांनी पाहिलं. सगळी खोली ऐकत असताना एक वाक्य दोन पावलं ओलांडू शकलं नाही. माझी सासू हयात होती तोवर मीही तिच्या अंगणात वाकून चालायचो, कातेरेग्गासाहेब. तुमचं काय?"

कातेरेग्गा कागद गोळा करायला लागले.

"एकतर्फी निकाल रद्द. आजचा वादीचा खर्च अर्जदारांनी सोसायचा. समन्स पुन्हा इथेच बजावा. उत्तर द्यायला आजपासून पंधरा दिवस, सोळावा नाही."

घर वाचलं नव्हतं. घरासाठी भांडायला मिळालं होतं, तेवढंच. पण पिकअप रिकामाच परत गेला, आणि जाताना बेलिफने माझ्याकडे बघायचं टाळलं, याचा आनंद मी लपवणार नाही.

कारकुनाने नवं समन्स सवयीने सेबुन्यापुढे धरलं, पुरुष माणूस म्हणून. त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. कागद मी घेतला, वळले आणि त्याच पावली आईच्या हातात दिला. तिने तो घडी करून गोमेसीच्या पट्ट्यात खोचला.

बाहेर ती आंब्याखाली बसली. सेबुन्या दहा पावलांवर, सायकलला टेकून, आमच्याकडे पाठ करून उभा होता. कागवाचीच सायकल. आईने माझ्याकडे बघितलं. मी वाट बघत होते ती शिव्यांची.

"चौदा वर्षं मी समजत होते की तू सगळं पोचवतेस," ती म्हणाली. "आणखी काय काय सांडलंस वाटेत?"

"एवढंच, आई. दोनच."

"दोनच म्हणे." तिने नाक ओढलं. "त्या दिवशी काय म्हणाला होता तो? कागवाच्या वेळी. त्याच्याच शब्दांत सांग. तुझं काही घालू नकोस."

मी सांगितलं. 'आईंना सांग, आजपासून कागवाच्या जागी मी. त्यांनी दार ठोठावलं आणि मी ऐकलं नाही, असं कधी होणार नाही.' हे दुसरं वाक्य मी त्याच्यापुढेसुद्धा पुन्हा कधी उच्चारलं नव्हतं. मला माझी इतकी लाज वाटली की जमीन दुभंगावी.

आई गुडघ्यांवर हात ठेवून बसली होती. तिची नजर त्याच्या पाठीपर्यंत गेली, तिथून लगेच खाली आली.

"त्याला सांग," ती म्हणाली, "मागच्या खोलीत गळतंय. समन्स आलं त्या दिवशी पत्रा अर्धाच ठोकून गेला तो. जावयाला काही म्हणता येत नाही, म्हणून मी गप्प होते. पण मुलगा असलास, तर आजवर तुझ्या लक्षात यायला हवं होतं म्हणावं."

मी दहा पावलं चालत गेले आणि एक अक्षर न गाळता सांगितलं.

सेबुन्या माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने मान फिरवली, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि सायकलची घंटी उगाचच एकदा वाजवली.

"विचार त्यांना," तो म्हणाला, "कोणत्या कोपऱ्यात?"